कायद्याने दार उघडले, जिना कुणी बांधायचा?

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत एक दुरुस्ती केली. माणसांना औषध देऊन पाहण्याआधी ज्या चाचण्या करायच्या, त्यांत प्राण्यांच्या जोडीला पेशींवरील चाचण्या, अवयवांच्या सूक्ष्म चिप (ज्यांत मानवी पेशी वाढवून अवयवाचे काम छोट्या प्रमाणात घडवतात) आणि संगणकीय प्रारूपे आली. बदल एवढाच. ‘प्राणी वापरू नका’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. त्या यादीत प्राणी आहेतच. तरी वाद असा झडतो आहे, की जणू उद्या सकाळी देशातले सगळे पिंजरे उघडणार आहेत. एका बाजूला टाळ्या वाजतात, दुसऱ्या बाजूने ‘म्हणजे आता थेट माणसांवरच प्रयोग का?’ असा सवाल येतो. टाळ्या वाजवणाऱ्यांनी नियम वाचलेला दिसत नाही आणि घाबरणाऱ्यांनीही नाही.

माझे म्हणणे असे की हा दया विरुद्ध विज्ञान असा वाद नाहीच. प्राण्यांना पर्याय आहेत की नाहीत हाही आता मुख्य प्रश्न उरलेला नाही. पर्याय शोधणे आणि तो नियामकाच्या टेबलावर ठेवण्याजोगा भरवशाचा करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम विद्यापीठे आनंदाने करतात. दुसरे काम कंटाळवाणे, खर्चिक आणि कीर्ती न देणारे आहे. ते एकटे विद्यापीठ करणार नाही आणि एकटी कंपनी तर नाहीच नाही. कायद्याने दार उघडले आहे, पण ते तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली जिना नाही.

आधी दोन्हीकडची आवडती वाक्ये बाजूला सारू. प्राणीमित्रांचे वाक्य असे : प्राण्यांवर उत्तीर्ण झालेल्या दहापैकी नऊ औषधे माणसांत नापास होतात. आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. त्यांतली कितीतरी औषधे घातक ठरतात म्हणून नव्हे, तर गुण येत नाही म्हणून किंवा आधीच्या औषधापेक्षा सरस ठरत नाहीत म्हणून गळतात. काही तर कंपनीने पैसा काढून घेतला म्हणून. शिवाय ती नऊच्या नऊ औषधे प्राण्यांच्या आधी पेशींच्या चाचण्यांतूनही पास झालेली असतात! या तर्काने प्राणी बाद होत असतील तर पेशीही बाद होतात. पलीकडचे वाक्य : शरीर म्हणजे पेशींची बेरीज नव्हे. हे खरेच आहे. पण उंदराचे शरीर म्हणजे माणसाचे शरीर नव्हे, हेही तितकेच खरे. सत्याचे दोन तुकडे एकमेकांवर फेकून वाद पुढे सरकत नाही.

प्राण्यांवर चाचण्या करणे कायद्याने बंधनकारक का झाले, हे मात्र विसरून चालणार नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, रास्पबेरीचा स्वाद घालून विकले गेले. शंभरावर माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. विकण्याआधी विषारीपणा तपासण्याची सक्ती तेव्हा नव्हती. १९३८ च्या कायद्याने ती आली. आता १९८६ ची मुंबई आठवा. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या खरेदीची आणि देखरेखीची लक्तरे वेशीवर टांगली. या दोन घटना एकाच दमात सांगून ‘म्हणून प्राणी हवेत’ असे म्हटले जाते. पण त्या सारख्या आहेत का? १९३७ मध्ये प्रश्न होता, हा पदार्थ शरीराला काय करतो? १९८६ मध्ये ते जगाला जवळपास पन्नास वर्षे ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की या पिंपात आहे काय? त्याचे उत्तर कुठलाही ससा देत नाही. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या साध्या चाचणीची, एक काचपट्टी देते.

हा भेद या वादात कुणी करत नाही. एखाद्या नव्या रेणूचे गुणावगुण शोधणे वेगळे आणि आज बनलेली बॅच कालच्यासारखीच आहे ना हे पाहणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी दशकानुदशके प्राणी वापरले गेले, आणि तिथे त्यांच्या बाजूने उभे राहायला जागा फार थोडी आहे. ‘ॲबनॉर्मल टॉक्सिसिटी’ नावाची चाचणी पाहा. पाच उंदीर आणि दोन गिनीपिग घ्यायचे, लस टोचायची, सात दिवस पाहायचे. कुणी मेले नाही, वजन घटले नाही, की बॅच पास. हिचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मनीत आहे. घटसर्पाच्या प्रतिविषात टिकाऊपणासाठी फिनॉल घालत आणि ते जास्त झाले तर रुग्णाला बाधे. प्रमाण मोजण्याची सोय तोकडी होती, म्हणून उंदीर. पुढे फिनॉल मोजता येऊ लागले, प्रतिविषाच्या जागी नव्या लशी आल्या, कारखान्यांत निर्जंतुक खोल्या आल्या. उंदीर मात्र तिथेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ही चाचणी थांबवण्याची शिफारस केली ती २०१८ मध्ये. भारतीय औषधकोशाच्या (औषधांचे अधिकृत मानदंड सांगणाऱ्या ग्रंथाच्या) २०१८ च्या आवृत्तीनेही राष्ट्रीय नियंत्रण प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राच्या आधारे लशींना तिच्यातून सूट देण्याची वाट ठेवली. मात्राहिशेबाने जगातली सर्वांत मोठी लसनिर्माती कंपनी ज्या पुण्यात आहे, तिथल्या वाचकाला या एका ओळीचे वजन सांगायला नको.

पण ‘आता पर्याय आहे’ आणि ‘आता पर्याय वापरला जातो’ या दोहोंत किती वर्षे जातात? याचे उत्तर सलाइनच्या बाटलीत आहे. शिरेतून द्यायच्या द्रवात जिवाणूंच्या कवचाचे अवशेष, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहिले तर रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. १९४२ पासून अमेरिकी औषधकोशात यावर सशाची चाचणी होती. तीन सशांच्या कानाच्या शिरेत द्रव टोचायचा, तीन तास तापमान नोंदवायचे; एकाचेही अर्धा अंश सेल्सिअसने वाढले तर आणखी पाच ससे घ्यायचे. १९७७ मध्ये अमेरिकेत घोडनाल खेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क मान्य झाला. एंडोटॉक्सिन असेल तर अर्क गोठतो, तासाभरात उत्तर. ससे सुटले, खेकडे अडकले. मग १९९० च्या दशकात सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जीक लिंग डिंग आणि बो हो यांनी त्या गोठण्याच्या साखळीतल्या पहिल्या प्रथिनाचा, ‘फॅक्टर सी’चा, जनुक वेगळा करून ते प्रथिन प्रयोगशाळेतल्या पेशींत बनवून घेतले. (ज्या जातीच्या खेकड्यावर त्यांनी काम केले, ती ओडिशाच्या आणि सुंदरबनच्या चिखलातही सापडते. आपल्याकडे तो जनुक कुणी वेगळा केला नाही, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.) विद्यापीठाने हक्क उद्योगाला दिले आणि २००३ मध्ये बाजारात संच आला. खेकडा नको, ससा नको. उलट अर्कातल्या दुसऱ्या एका साखळीमुळे बुरशीच्या शर्करेलाच एंडोटॉक्सिन समजण्याची जी चूक होई, तीही टळली. झकास! आणि मग? युरोपीय औषधकोशाने त्याला स्वतंत्र प्रकरण दिले ते २०२१ मध्ये, अमेरिकी औषधकोशाचे प्रकरण लागू झाले मे २०२५ मध्ये. बावीस वर्षे.

ही बावीस वर्षे कुणाच्या दुष्टपणामुळे गेली नाहीत. सुरुवातीची अनेक वर्षे पेटंटमुळे पुरवठादार एकच होता. औषध कंपनीची खरेदी शाखा एकाच पुरवठादारावर बॅचची सुटका टांगत नाही. त्याचा कारखाना बंद पडला तर इन्सुलिन अडकते. औषधकोशही एकाच कंपनीच्या मालाला प्रमाण पद्धत करायला कचरतो. म्हणजे विद्यापीठ-उद्योग सहकार्याचा जो करार यशाचा नमुना म्हणून शिकवला जावा, त्यातल्याच अनन्य हक्काच्या कलमाने यश लांबवले. सहकार्य हवे असे सगळेच म्हणतात. कोणत्या कलमांवर, हे विचारणारे थोडे.

आता थोडे खोलात जाऊ, कारण भारताला आज ज्या पर्यायाची सर्वांत निकड आहे तो प्रसाधनांचा आहे. २०१४ मध्ये आपण प्रसाधनांच्या प्राणीचाचण्या बंद केल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही. निर्णय योग्यच होता. ज्या चाचणीची जागा रिकामी झाली ती १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांनी मांडलेली : सशाच्या डोळ्यात किंवा भादरलेल्या कातडीवर पदार्थ लावायचा आणि लाली, सूज यांना गुण द्यायचे. हीच ‘सुवर्णकसोटी’ म्हणून अजूनही हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी १९७१ चा वेल आणि स्काला यांचा अभ्यास पाहावा. तेच पदार्थ चोवीस प्रयोगशाळांना दिले. काहींनी ज्याला तीव्र दाहक ठरवले त्याला काहींनी निरुपद्रवी म्हटले. ज्या कसोटीवर सोने घासल्यावर दर सराफ वेगळा कस सांगतो, तिला कसोटी कशाला म्हणायचे?

तिच्यातल्या कातडीच्या चाचणीच्या जागी आलेली पद्धत म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी बाह्यत्वचा. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेतून, रुग्णाच्या संमतीने, केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचा बनवणाऱ्या, पेशी वेगळ्या करतात. सच्छिद्र पडद्याचा तळ असलेल्या बोटभर रुंदीच्या कपात त्या पेरतात. पहिले काही दिवस पेशी द्रवात बुडालेल्या असतात. मग वरचा द्रव काढून घेतात, म्हणजे पेशींना अन्न खालून मिळते आणि वरून हवा लागते. पुढचे साधारण दहा ते चौदा दिवस कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व असलेल्या माध्यमात त्या थरावर थर रचतात आणि वर खरे शिंगमय आवरण धरते. सगळा जीव या आवरणात आहे. ते कच्चे राहिले तर साबणाचे पाणीही दाहक ठरते, जास्त जाड झाले तर दाहक पदार्थही आत पोचत नाही. म्हणून प्रत्येक बॅचचे काही तुकडे कुर्बान करून पाहावे लागते : एका प्रचलित मॉडेलवर एक टक्का ट्रायटन (साबणासारखे एक रसायन) लावल्यावर निम्म्या पेशी मरायला ४ तासांपेक्षा कमी किंवा ८.७ तासांपेक्षा जास्त लागले, तर ती बॅच फेकून द्यायची.

प्रत्यक्ष चाचणी सोपी दिसते. तीन तुकड्यांवर पदार्थ लावायचा, मॉडेलनुसार पंधरा मिनिटे ते एक तास, बफरने धुवायचे, ४२ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे, मग एमटीटी नावाच्या पिवळ्या द्रवात तीन तास. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे करतात. रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. पाण्याच्या तुलनेत निम्मा किंवा त्याहून कमी आला तर पदार्थ दाहक. सोबत पाच टक्के एसडीएस हे दाहक असल्याचे ठाऊक असलेले रसायन चालवायचे. तीन तुकड्यांतली तफावत (प्रमाण विचलन) १८ टक्क्यांच्या वर गेली तर सगळे पुन्हा.

आणि इथेच आपली हळद आडवी येते. पिवळ्याचे जांभळे करण्याचे काम फक्त जिवंत पेशीच करतात असे नाही. हळदीतले कुर्क्युमिन आणि वनस्पतींच्या अर्कांतली पॉलिफिनॉल एमटीटीला परस्पर जांभळे करू शकतात. धुतल्यावरही अर्क त्वचेत मुरून राहिला तर मेलेला तुकडा जिवंत दिसतो आणि दाहक उटणे सौम्य ठरते. कुंकू-मेंदीसारख्या रंगांची गोष्ट वेगळी : ते स्वतःच प्रकाश शोषतात आणि आकडा फुगवतात. यावर उपाय आहेत. गोठवून मारलेल्या तुकड्यांवर तोच पदार्थ लावून खोटा रंग किती येतो ते पाहायचे आणि वजा करायचा. फारच गडद असेल तर रंग वेगळा करून एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचा. पण प्रत्येक उपायाने तुकडे वाढतात, खर्च वाढतो, आणि वजाबाकीच मूळ आकड्याएवढी झाली तर उत्तराला अर्थ उरत नाही. या पद्धतीच्या पडताळणीसाठी ओईसीडीने (चाचण्यांचे मानदंड ठरवणाऱ्या, देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने) दिलेली वीस संदर्भ रसायने शुद्ध रसायने आहेत. त्यांत ना हळद, ना शिकेकाई, ना आवळकाठी. पॅरिस किंवा सोलच्या प्रयोगशाळेला हा प्रश्न रोज का पडावा? तो आपल्याला पडतो, आणि आपल्यासाठी तो दुसरे कुणी सोडवणार नाही.

‘तयार तुकडे बाहेरून मागवा’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. हे तुकडे जिवंत असतात. अगारच्या गादीवर, थंड पेटीत येतात आणि मोजक्या दिवसांत वापरावे लागतात. विमानतळावर सीमाशुल्काच्या कागदात एक शुक्रवार अडकला, की सोमवारी हातात येते ते मेलेले कातडे. मोठी कंपनी हा तोटा सोसते, सांगली-कोल्हापूरकडचा उटणी बनवणारा लहान उद्योजक सोसू शकत नाही. कोरियाने हे ओळखले. तिथल्या बायोसोल्यूशन कंपनीचे त्वचामॉडेल कोरियाच्या पर्यायी पद्धती पडताळणी केंद्राच्या पाठबळाने ओईसीडीच्या मान्य यादीत गेले. जपानने आपले मॉडेल त्याआधीच नेले होते. जर्मनीत हेन्केल कंपनीने संशोधनसंस्थांना बरोबर घेऊन याहून धाडसी गोष्ट केली : त्वचा बनवण्याची कृतीच खुली केली, म्हणजे कुणीही ती आपल्या प्रयोगशाळेत बनवावी, आणि तशा त्वचेची पडताळणी करून दाखवली. फॅक्टर सीची बावीस वर्षे ज्याने पाहिली, त्याला या खुलेपणाची किंमत कळेल.

मग आपल्याला हे जड का जावे? हिशेब करू. मान्य पद्धतीसारखेच मॉडेल आहे हे सिद्ध करायला वीस रसायने, प्रत्येकाचे तीन स्वतंत्र प्रयोग, दर प्रयोगात तीन तुकडे. एका प्रयोगशाळेत १८०, तीन प्रयोगशाळांत ५४०. नियंत्रणाचे आणि वाया जाणारे तुकडे वेगळे. नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक, आत काय आहे ते करणाऱ्याला माहीत नको. दाहक पदार्थांपैकी किमान ८० टक्के ओळखता आले पाहिजेत, निरुपद्रवींपैकी ७०, एकूण अचूकता ७५. प्रयोगशाळांत आपसांत ८० टक्के एकवाक्यता. आठवड्याला ४८ चांगले तुकडे काढणारी प्रयोगशाळा हे काही महिन्यांत उरकेल. हे अंतराळयान नव्हे.

जड जाते ते माणसांच्या हिशेबामुळे. तेच रसायन, तोच कप, तीच ४२ तासांची वाट, असे नऊ वेळा करून कुणाला पीएचडी मिळत नाही. विद्यापीठाला नवेपणा हवा, आणि पडताळणीचा तर धर्मच नवेपणा टाळण्याचा : कृतीत तसूभर बदल केला की आधीचे आकडे बाद. संशोधक विद्यार्थी चौथ्या महिन्यात माध्यम ‘सुधारतो’, आणि तिथे सगळे कोसळते. भारत २०११ पासून ओईसीडीच्या उत्तम प्रयोगशाळा पद्धतीच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, म्हणजे इथल्या प्रमाणित प्रयोगशाळेची नोंद तिकडेही चालते; पण ते प्रमाणपत्र बहुतेक खासगी चाचणी-प्रयोगशाळांकडे असते, विद्यापीठांकडे क्वचितच. खाडाखोड कशी करायची, पिपेट कधी तपासला, इन्क्युबेटरचे तापमान रविवारी कुणी नोंदवले, असल्या प्रश्नांवर हुशार विभाग गार पडतात. उलट कंपनीकडे ही शिस्त असते, पण तिला सर्वांच्या उपयोगाची पद्धत बनवण्यात रस नसतो. आपल्या क्रीमला मान्यता मिळाली की तिचे काम संपले; प्रतिस्पर्ध्याचा जिना आपण का बांधायचा?

हा पेच नवा नाही आणि तो सुटल्याचे उदाहरणही जुनेच आहे. एप्रिल १९८० मध्ये प्राणीहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीविरुद्ध ‘सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करणार?’ अशा अर्थाची पानभर जाहिरात दिली. कंपनीने कंटाळून रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले, पर्याय शोधण्यासाठी. मग इतर कंपन्यांनीही हात सैल केला आणि १९८१ मध्ये उद्योगसंघटनेच्या पैशाने जॉन्स हॉपकिन्समध्ये या विषयाचे कायमचे केंद्र उभे राहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पैसा एका कंपनीचा न राहता संघटनेचा झाला. त्यामुळे निष्कर्ष कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकला नाही. आपल्याकडे तर ही परंपरा परकीही नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायनतंत्र विभाग, आताची माटुंग्याची आयसीटी, सुरू झाला तो शहरातल्या कापडगिरण्यांची आणि रंगाच्या धंद्याची गरज समोर ठेवून. प्राध्यापकाने कारखान्याचा सल्लागार असणे तिथे कधी पाप मानले गेले नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य आहे : उद्योगाच्या पैशाने उभी राहिलेली पद्धत उद्योगाला हवी तीच उत्तरे देईल. लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये मार्च २००६ मध्ये टीजीएन१४१२ या प्रतिपिंड-औषधाच्या मानवी चाचणीत सहा तरुणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. ते औषध वुर्झबर्ग विद्यापीठातून निघालेल्या कंपनीचेच होते. विद्यापीठाचा शिक्का म्हणजे गंगाजल नव्हे. पण त्याच घटनेने दुसरेही काही शिकवले. दिलेला डोस माकडांना निर्धोक ठरलेल्या डोसच्या पाचशेवा भाग होता. माकडांच्या ज्या टी पेशींवर ते औषध भडकायला हवे होते, त्यांच्यावर मानवासारखा सीडी२८ हा पकडबिंदूच नव्हता. नेहमीच्या पद्धतीने औषध मानवी रक्तपेशींत नुसते मिसळले तरी काही दिसत नव्हते. औषध प्लास्टिकच्या तळाला चिकटवून वर पेशी सोडल्या तेव्हा प्रतिकारशक्तीचे वादळ दिसले. म्हणजे प्राणी चुकला, आणि पेशींची चाचणीही एका रीतीने केली तर चुकली, दुसऱ्या रीतीने केली तर बरोबर आली. पर्यायी पद्धत आपोआप खरी नसते. ती कशी केली, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. आणि म्हणूनच पडताळणी उद्योगाच्या आणि विद्यापीठाच्याही एकट्याच्या हाती नको.

संपूर्ण शरीराचा आक्षेपही मी उडवून लावणार नाही. गर्भावर होणारे परिणाम, वर्षानुवर्षे घेतलेल्या औषधातून उद्भवणारा कर्करोग, यकृताने एका रेणूचे दुसऱ्यात रूपांतर केल्यावर मूत्रपिंडात काय होईल, याला आज एका कपात उत्तर नाही. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन पारखायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वीस ऱ्हीसस माकडे वापरली. टाळेबंदीत ती नागपूरकडच्या रानातून पकडून आणावी लागली. तेव्हा कुणी चिप पुढे केली असती तर मीही माकडाच्याच बाजूने मत दिले असते. पण १९९३ चे फियाल्युरिडिन विसरू नका. उंदीर, कुत्रे, माकडे, सगळ्यांत पास झालेल्या या औषधाने पंधरा रुग्णांपैकी पाच दगावले आणि दोघांना यकृत बदलावे लागले. मानवी पेशीतला एक वाहक ते औषध थेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, नेऊन सोडतो, उंदरात तो तिथे नसतो. हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या एम्युलेट कंपनीने २०२२ मध्ये यकृताच्या चिपवर २७ औषधे तपासली, घातकांपैकी ८७ टक्के ओळखली आणि निर्धोक एकही अडवले नाही. सुंदर निकाल, पण चिप बनवणाऱ्यानेच लिहिलेला, आणि औषधे फक्त २७. शिवाय बहुतेक चिप ज्या सिलिकोन रबराच्या असतात ते तेलकट रेणू शोषून घेते. पेशींना दिलेला डोस भिंतींनीच प्यायला, तर औषध निर्धोक वाटणारच. हे सारे सांगणे म्हणजे पर्यायांना विरोध करणे नव्हे. कोणता मजला आधी चढायचा, हे ठरवणे आहे : आधी बॅचच्या चाचण्या, मग त्वचा आणि डोळा, मग यकृत; गर्भ आणि कर्करोग त्यानंतर.

करारात काय असावे, ते सरळ सांगतो. पैसा एका कंपनीचा नको, संघाचा हवा. कृतीवर पेटंट नको. यंत्रावर, सॉफ्टवेअरवर खुशाल घ्या. निकाल चांगला येवो वा वाईट, ठरल्या मुदतीत जाहीर. सांकेतिक क्रमांक देणारी संस्था पैसा देणाऱ्यांपैकी नको. तीन प्रयोगशाळांपैकी एक विद्यापीठाची, एक उद्योगाची, एक प्रमाणित त्रयस्थ. आणि हे कंटाळवाणे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना पाच वर्षांच्या पक्क्या नेमणुका, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या नव्हेत. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची पेशीपेढी आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुंबईत आयसीटी, आयआयटी आणि मोठी रुग्णालये आहेत. (सायनच्या रुग्णालयातल्या त्वचापेढीचे नाव या चर्चेत हमखास निघते. तिचा इथे उपयोग नाही : भाजलेल्या रुग्णांसाठी ग्लिसरॉलमध्ये राखलेल्या त्वचेत पेशी जिवंत नसतात. उपयोग आहे तो शस्त्रक्रियागृहातून थेट, थंड माध्यमात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचणाऱ्या तुकड्याचा. त्यासाठी लागते नीतिसमितीची एकदाच दिलेली, सगळ्या रुग्णालयांना चालणारी मंजुरी.)

राहिला एक प्रश्न. हळदीची, शिकेकाईची, मेंदीची चाचणी बरोबर आली की चूक, हे कशाशी ताडून ठरवायचे? सशाचे आकडे नाहीत, आणि असते तरी वेल-स्काला यांच्यानंतर त्यांच्यावर विसंबायचे कारण नव्हते. माणसांचे आकडे मात्र आहेत. उटणी, तेले, मेंदी बनवणाऱ्या कंपन्या बाजारात जाण्याआधी स्वयंसेवकांच्या पाठीवर, दंडावर पॅच लावून लालीची नोंद ठेवतात. युरोपात २०१० साली सुरू झालेल्या ईटॉक्स प्रकल्पात तेरा औषध कंपन्यांनी आपल्या कपाटांतली विषशास्त्राची माहिती, ओळख झाकून, एका सामायिक कोठारात टाकली होती. कुणाचा धंदा बुडाला नाही. आपल्याकडच्या त्या पॅचच्या नोंदींत कंपनीचे नाव आणि मिश्रणाचे प्रमाण झाकून फक्त घटक आणि लालीचे गुण बाहेर आले, तर वीस शुद्ध रसायनांच्या शेजारी आपली दहा-पंधरा वनस्पतींची संदर्भयादी तयार होईल. त्या फायली मुंबई-पुण्याच्याच कपाटांत आहेत, ‘गोपनीय’ असा शिक्का मारून ठेवलेल्या.